प्रस्तावना : घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो तेव्हा

सांबरा म्हटलं की बाहेरच्या माणसाला बेळगावचा विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं इथे धावपट्टी बांधली. आज तिच्या शेजारी भारतीय हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. शहरात १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, शिवाय लष्कराचं कमांडो प्रशिक्षण. त्यामुळे या पट्ट्यातल्या पोरांच्या घरात ‘भरती’ या शब्दाला दहावीच्या निकालाएवढं वजन असतं. लष्कराच्या भरतीत १६०० मीटर धावायचं असतं, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा असतो आणि अरुंद नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत जायचं असतं. लोक छाती आणि उंचीची चर्चा करतात. पण या तिन्ही ठिकाणी खरी परीक्षा घोट्याची असते.

आणि घोटा मुरगळणं ही कुणालाच बातमी वाटत नाही. पाय वाकडा पडला, आंबेहळदीचा लेप लावला, क्रेप बँडेज गुंडाळलं, आठ दिवसांत पोरगं पुन्हा मैदानात. तालमीत वस्ताद चोळून देतात, गावात हाडवैद्य ‘बसवून’ देतो, मेडिकलवाला गोळी देतो. बहुतेकांचं यात भागतंही. ज्यांचं भागत नाही त्यांची ही गोष्ट आहे. डब्लिनच्या संशोधकांनी पहिल्यांदाच घोटा मुरगळलेल्या ८२ जणांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांचा घोटा वर्षानंतरही अस्थिर होता. म्हणजे बांधावरून चालताना, जिना उतरताना, कबड्डीत अचानक वळताना तो ‘दगा’ देत होता. वैद्यकशास्त्रात याला घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतात. पहिली लचक वर्षापूर्वीची आणि त्यानंतर वारंवार घोटा निसटणं किंवा निसटल्यासारखं वाटणं, अशी तिची ढोबळ ओळख.

या अस्थिरतेबद्दल जगात भरपूर लिहिलं गेलं, पण त्यातलं बहुतेक लिखाण अस्थिबंधांबद्दल, म्हणजे लिगामेंटबद्दल. प्रस्तुत पुस्तक त्यांच्या शेजाऱ्यांबद्दल आहे. बाहेरच्या घोट्यामागून जाणाऱ्या दोन कंडरा, ज्यांना डॉक्टर पेरोनियल टेंडन म्हणतात, त्या या अस्थिर घोट्याची किंमत वर्षानुवर्षं मुकाट्यानं मोजत असतात. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, कारण सगळ्यांची नजर घोट्याच्या पुढच्या सुजेवर असते.

रचना आधी समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सारं भांडण तिच्याच जागेवरून आहे. नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड असतं, फिब्युला. त्याचं खालचं टोक म्हणजे बाहेरचा घोटा. तिथून तीन अस्थिबंध निघतात : एक पुढे, एक खाली टाचेकडे, एक मागे. पाय आत वळून पडला की पहिल्यांदा पुढचा फाटतो. तिघांत सगळ्यात दुबळा तोच. जोर जास्त असेल तर टाचेकडचाही जातो. मागचा सहसा वाचतो. हे झालं हाडाला हाडाशी बांधणाऱ्या दोरांचं. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या दोन स्नायूंच्या कंडरा फिब्युलाच्या मागून खाली उतरतात आणि विहिरीच्या रहाटावरून दोर वळावा तशा घोट्याखालून पुढे वळतात. आखूड कंडरा, पेरोनियस ब्रेव्हिस, करंगळीकडच्या लांब हाडाच्या बुडाशी संपते. लांब कंडरा, पेरोनियस लाँगस, तळपायाखालून तिरपी जाऊन थेट अंगठ्याकडच्या हाडाला पोचते. पाय आत वळू लागला की त्याला बाहेर खेचायचं काम या दोघींचं.

आता खरी अडचण. हाडामागच्या खाचेत आखूड कंडरा थेट हाडाला चिकटून असते आणि लांब कंडरा तिच्या पाठीवर. दोघींना जागेवर धरून ठेवतो एक पट्टा, ज्याला वरचा पेरोनियल रेटिनॅक्युलम म्हणतात. ज्या झटक्यात टाचेकडचा अस्थिबंध फाटतो त्याच झटक्यात हा पट्टाही ताणला जातो, कारण दोन्हींची दिशा जवळजवळ एकच. पट्टा सैल झाला की लांब कंडरा पाचरीसारखी आखूड कंडरेवर दाबते आणि आखूड कंडरा हाडाच्या मागच्या धारेवर घासत राहते. एका पावलात काही होत नाही. हजारो पावलांत ती उभी चिरते, बहुतेकदा लांबीच्या दिशेनं. म्हणूनच ती तुटत नाही, फक्त फाटते आणि दुखत राहते. त्यात खाचेचं दुर्दैव वेगळं. एडवर्ड्स यांनी १९२८ मध्ये १७८ फिब्युला हाडं तपासली तेव्हा ८२ टक्क्यांत खाच नीट खोलगट होती, ११ टक्क्यांत सपाट आणि ७ टक्क्यांत चक्क उलट, फुगीर. म्हणजे काही माणसांच्या घोट्यामागची जागा जन्मापासूनच निसरडी असते. काहींना तर तिथे एक जादाचा स्नायू असतो, किंवा आखूड स्नायूचं मांस नको तितकं खाली उतरलेलं असतं. मग आधीच अरुंद बोळात गर्दी होते. या भागाला रक्तपुरवठा कमी असतो का, यावर शरीररचनातज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

या कंडरांची पहिली नोंद मैदानातून नव्हे, रंगमंचावरून आली. इटालियन शल्यविशारद मोंतेज्जिया यांनी १८०३ मध्ये एका बॅले नर्तकाच्या घोट्यामागून निसटणाऱ्या पेरोनियल कंडरेचं वर्णन केलं. पुढे स्कीइंग करणाऱ्यांच्या घोट्यांनी या विषयाला हात दिला. एकर्ट आणि डेव्हिस यांनी १९७६ मध्ये सैल पट्ट्याच्या दुखापतीचे प्रकार ठरवले. त्यांतल्या एका प्रकारात पट्ट्याबरोबर हाडाची टिकलीएवढी कपची निघते. एक्स-रेवर ती दिसली की निदान पक्कं समजावं. अर्थात ती शोधायचं माहीत असेल तर.

अस्थिर घोट्याच्या उपचारांचा इतिहास मात्र वेगळ्याच वाटेनं गेला, आणि या कंडरांच्या बाबतीत त्याला थोडी विनोदी किनार आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या वॉटसन-जोन्स यांनी, १९५३ मध्ये इव्हान्स यांनी आणि १९६९ मध्ये अमेरिकेत क्रिसमन व स्नूक यांनी ज्या शस्त्रक्रिया रूढ केल्या, त्यांत फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी माल कुठला वापरला? पेरोनियस ब्रेव्हिसचीच कंडरा, कधी पूर्ण, कधी निम्मी. घोट्याला आत वळण्यापासून वाचवणारा राखणदारच कापून त्याची भिंत बांधायची. सांधा घट्ट व्हायचा, पण नैसर्गिक हालचालही त्यात जखडायची. स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये साधा प्रश्न विचारला : फाटलेला अस्थिबंध आहे तिथेच असेल, तर त्यालाच का शिवू नये? त्यांची पद्धत टिकली. १९८० मध्ये गोल्ड यांनी तिला शेजारच्या पट्ट्याचा आधार दिला आणि आजही जगभर ब्रोस्ट्रॉम-गोल्ड हेच पहिलं नाव घेतलं जातं. या पद्धतीत कंडरा शाबूत राहतात. एवढ्या एका कारणासाठीही ब्रोस्ट्रॉम यांचे आभार मानायला हरकत नाही.

दुसरा पंथ चाकूवाल्यांचा नव्हे. १९६५ मध्ये लंडनच्या मायकेल फ्रीमन यांनी सहकाऱ्यांसह मांडलं की अस्थिबंधासोबत त्यातले मज्जातंतूही जखमी होतात. पाय कुठे आहे याची मेंदूला पोचणारी वर्दीच बिघडते, म्हणून घोटा सैल नसतानाही दगा देतो. उपाय : डगमगत्या फळीवर उभं राहण्याचा सराव. हेच फ्रीमन पुढे कृत्रिम गुडघ्याच्या आद्य रचनाकारांत गणले गेले, पण फिजिओथेरपीच्या खोल्यांत त्यांची फळी अजून झिजते आहे. त्यांच्या मांडणीतून पुढचा प्रश्न निघाला की पेरोनियल स्नायू उशिरा जागे होतात का. कॉनराडसेन आणि राव्हन यांना १९९० मध्ये अस्थिर घोट्यात तसा उशीर दिसला, नंतरच्या काही अभ्यासांत तो दिसला नाही. अमेरिकेचे जे हर्टेल यांनी २००२ मध्ये दोन्ही बाजूंना एका आराखड्यात बसवलं : सांध्याची यांत्रिक ढिलाई आणि मज्जा-स्नायूंच्या कामातली कसर, दोन्ही एकाच माणसात कमीजास्त प्रमाणात असू शकतात. २०१९ मध्ये त्या आराखड्यात रोग्याचं मन, त्याची भीती आणि त्याचं भोवतालही आलं.

कंडरांचा पंथ या दोघांनंतर आला आणि त्यानं दोघांनाही थोडं अडचणीत टाकलं. १९९८ मध्ये क्राउझ आणि ब्रॉड्स्की यांनी फाटलेल्या आखूड कंडरेसाठी एक व्यवहारी सूत्र दिलं : निम्म्याहून अधिक जाडी चांगली उरली असेल तर खराब भाग काढून उरलेली शिवावी, तेवढी उरली नसेल तर ती शेजारच्या लांब कंडरेला जोडावी. त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन डाइक आणि कॉर्ट यांनी दुर्बिणीतून या कंडरा पाहण्याची पद्धत मांडली. पण सगळ्यात मोठा धक्का २००० सालच्या एका साध्या मोजदादीनं दिला. डीजोव्हानी आणि सहकाऱ्यांनी जुनाट अस्थिरतेसाठी शस्त्रक्रिया झालेल्या ६१ रोग्यांच्या घोट्यात आणखी काय सापडलं ते नोंदवलं. ज्याचा फक्त अस्थिबंध बिघडला होता असा एकही रोगी निघाला नाही. ४७ जणांच्या पेरोनियल कंडरांची आवरणं सुजलेली होती, ३३ जणांचा पट्टा सैल होता, १५ जणांची आखूड कंडरा फाटलेली होती. ज्या घोट्यावर ‘लिगामेंट’ एवढंच लिहून कागद बंद करायची सवय होती, तिथे चारांतल्या एकाची कंडरा फाटलेली. यापुढे कंडरा न तपासता अस्थिबंध शिवणं हे अर्धं काम ठरलं, आणि प्रस्तुत प्रस्तावनाकाराच्या मते या विषयातला हाच सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे.

एक खुलासा इथेच केलेला बरा. कंडरा म्हटलं की क्रिकेट पाहणाऱ्यांना २०२४ मधली मोहम्मद शमीची शस्त्रक्रिया आठवेल. ती टाचेच्या मागच्या जाड ॲकिलिस कंडरेची, वेगळी कथा. या विषयाला जवळचा प्रसंग म्हणजे १९ ऑक्टोबर २०२३, पुण्याजवळ गहुंजेचं मैदान, विश्वचषकात बांगलादेशविरुद्धचा सामना. स्वतःच्या गोलंदाजीवर पायानं चेंडू अडवताना हार्दिक पांड्याचा डावा घोटा मुरगळला. षटकातले तीन चेंडू बाकी होते, ते विराट कोहलीनं टाकले. पांड्या लवकरच परतेल अशी आशा होती; ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेबाहेर गेल्याचं जाहीर झालं. देशातले उत्तम डॉक्टर दिमतीला असताना एक घोटा किती काळ माणसाला बाहेर बसवू शकतो, हे लाखो घरांनी टीव्हीवर पाहिलं. उलट बाजूचं उदाहरण अमेरिकन बास्केटबॉलचं : वारंवार मुरगळणाऱ्या उजव्या घोट्यावर स्टीफन करीला २०११ आणि २०१२ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्याव्या लागल्या, आणि २०१५ व २०१६ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बेळगावच्या पोराकडे ना पांड्याचे डॉक्टर, ना करीची मुदत. भरतीला वयाची अट असते, पुढची संधी मिळेलच याचा भरवसा नसतो, म्हणून सुजलेल्या पायानंच सराव चालू राहतो. आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा गावच्या जत्रेच्या मैदानात एकेरी पट काढताना पाय तांबड्या मातीत रुततो आणि वर अंग फिरतं. कबड्डीत तर घोटा पकडणं हाच डाव. खो-खोत खांबाला वळसा घालताना सगळा भार पायाच्या बाहेरच्या कडेवर. मैदानाबाहेरही सुटका नाही : उसाच्या सरीतून, भाताच्या निसरड्या बांधावरून चालणाऱ्याचा घोटा दिवसभर परीक्षा देतो. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळताना बायका तासन्‌तास मांडी घालून बसतात. मांडीत पाय आत वळलेला राहतो, बाहेरची बाजू ताणलेली. निरोगी घोट्याला त्याचं काही नाही. फाटून गेलेल्या घोट्याला आहे.

इथे पाश्चात्त्य मोजपट्ट्या तोकड्या पडतात. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये तयार झालेली कंबरलँड प्रश्नावली जगभर वापरली जाते. नऊ प्रश्न, तीस गुण. धावणं, उड्या, जिना, एका पायावर उभं राहणं, खडबडीत जमीन, सगळं तीत आहे. मांडी नाही, उकिडवं बसणं नाही. विडी वळणाऱ्या बाईनं तीत चांगले गुण मिळवले तरी तिचा घोटा दुखत असू शकतो. आपल्याकडच्या फिजिओथेरपिस्टनी ही उणीव भरून काढायला हवी. बेळगावात फिजिओथेरपी शिकवणारी संस्था आहे, १९६३ पासूनचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, आणि घोट्यांची तर वाणच नाही.

निदान चुकतं कुठे, हा या पुस्तकाचा गाभा आहे. अस्थिबंध दुखतो तो घोट्याच्या पुढे आणि खाली. कंडरा दुखते ती घोट्याच्या मागे. बोटभर अंतराचा फरक, पण बोट तिथे ठेवून दाबल्याशिवाय तो कळत नाही. पाय वर-बाहेर खेचायला सांगून त्याला हातानं विरोध केला की सैल कंडरा कधी कधी हाडावरून टचकन निसटताना दिसते, रोग्याला तिचा आवाजही जाणवतो. कॅनडात १९९२ मध्ये आलेले ओटावा नियम एक्स-रे कधी काढावा ते सांगतात. हाड मोडलेलं नाही हे त्यातून कळतं, कंडरेबद्दल काहीच नाही. तरीही ‘एक्स-रे नॉर्मल’ या दोन शब्दांवर कितीतरी घोटे घरी पाठवले जातात. एमआरआय उपयोगी, पण तोही फसवतो. कंडरा चुंबकक्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करते तिथे ती निरोगी असली तरी बिघडल्यासारखी दिसते, आणि या कंडरा नेमक्या घोट्याखालीच वळतात. शिवाय ज्यांना कसलाही त्रास नाही अशा लोकांच्या चित्रांतही त्यांच्यात दोष दिसतात. सोनोग्राफीत पाय हलवून पाहता येतो, हा मोठा फायदा, मात्र सगळं तपासणाऱ्याच्या हातावर. आणि पायाचा आकार पाहायला कुणी विसरू नये : उंच कमानीचा, टाच आत झुकलेला पाय असेल तर नुसती कंडरा शिवून उपयोग होत नाही. टाचेचं हाड सरळ केल्याशिवाय ती पुन्हा फाटते.

या साऱ्याचं मराठीत पुस्तक का हवं, असा प्रश्न कुणी विचारील. सीमाभागात त्याचं उत्तर रोज दवाखान्यात मिळतं. रोगी मराठीत दुखणं सांगतो, सरकारी कागद कानडीत असतो, डॉक्टर इंग्रजीत लिहितो. निपाणीचा माणूस कोल्हापूर गाठतो, नाहीतर मिरज. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून वैद्यकाची परंपरा आहे, आणि अस्थिरोगावरचा मोठा इंग्रजी संदर्भग्रंथ संपादित करणारे डॉ. जी. एस. कुलकर्णी तिथलेच. ज्ञान शंभर किलोमीटरच्या आत आहे. ते वस्तादापर्यंत, शाळेतल्या क्रीडाशिक्षकापर्यंत, भरती अकादमी चालवणाऱ्या निवृत्त सुभेदारापर्यंत पोचत नाही. पहिल्या आठवड्यात घोट्यावर कुणाचा हात पडतो? यांचाच.

प्रस्तुत पुस्तक त्यांच्यासाठी आहे आणि तरुण डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठीही. एकाच पुस्तकात हे दोन वाचक सांभाळणं सोपं नाही, आणि काही जागी तोल एका बाजूला जातो. शस्त्रक्रियेचा भाग थोडका आहे, कारण लेखनाचा कल व्यायामाकडे आहे : आधी सूज ओसरू द्या, मग पेरोनियल स्नायूंची ताकद, मग एका पायावरचा तोल, मग वळणं आणि उड्या, आणि शेवटी मैदान. हा क्रम उलटा करणाऱ्यांवर पुस्तकात चांगलीच टीका आहे. हाडवैद्यांबद्दल त्यात तुच्छता नाही. ताज्या सुजेवर जोरानं चोळू नये आणि ‘बसवायला’ ओढू नये, एवढं मात्र ठामपणे सांगितलं आहे. हाड मोडल्याची शंका असेल, पाय टेकवत नसेल, तर दवाखाना, यावर तडजोड नाही. परिभाषा मराठीतून चालवली आहे, पण पेरोनियल, रेटिनॅक्युलम असे शब्द सोडलेले नाहीत, कारण रोग्याला उद्या रिपोर्टमध्ये तेच दिसणार आहेत. सर्वात जमलेल्या आहेत त्या तपासणीच्या आकृत्या. त्या पाहून कुणालाही स्वतःच्या घोट्यामागची कंडरा बोटानं शोधता येते.

कंडरांची दुखापत ओळखल्यावर प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागेल असा समज वाचकानं करून घेऊ नये. सुजलेल्या आवरणाला विश्रांती, पट्टा आणि व्यायाम पुष्कळदा पुरतात. चिरलेली कंडरा महिनोन्‌महिने ऐकत नसेल तेव्हाच चाकूचा विचार. मात्र घोटा मुरगळून दीड-दोन महिने झाले, पुढची सूज गेली, आणि बाहेरच्या घोट्यामागे अजून दुखतं, टचकन काही सरकतं किंवा पाय बाहेर खेचताना जोर लागत नाही, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा : लिगामेंट पाहिलंत, पेरोनियल कंडरा तपासल्या का?